सोलापूर–मुंबई–दुबई : अंतर किती, उड्डाणाचा वेळ किती आणि मध्ये किती वेळ ठेवावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपले आईवडील, वय ७२ आणि ६८, सोलापूरहून मुंबईमार्गे दुबईला आपल्या धाकट्या भावाकडे जाणार आहेत. सोलापूर–मुंबई हे अंतर आपल्याला एका ठिकाणी ३६२ किलोमीटर, दुसऱ्या ठिकाणी १९५ मैल आणि तिसऱ्या ठिकाणी ४५५ किलोमीटर असे आढळले. विमान ताशी ८०० किलोमीटर वेगाने जाते असे धरले तर हा प्रवास अर्ध्या तासाच्या आत व्हायला हवा; वेळापत्रकात मात्र तासाभराचा वेळ दिसतो. याउलट मुंबई–दुबई हे अंतर याच्या पाचपटीहून जास्त असूनही सकाळी दहाला निघणारे विमान पावणेबाराला पोहोचेल असे तिकिटावर लिहिले आहे. यातले खरे काय मानावे, आणि मुंबईत दोन विमानांच्या मध्ये अडीच तास ठेवले तर ते पुरतील का, असे आपण विचारले आहे.

मी सव्वीस वर्षे उड्डाण नियोजनाच्या कामात होतो. विमान कोणत्या मार्गाने, किती उंचीवरून, किती इंधन घेऊन आणि किती वेळात जाईल याचा आराखडा तयार करून तो वैमानिकाच्या हाती देणे हे डिस्पॅचरचे काम असते. निवृत्तीनंतर मी सोलापुरातच स्थायिक झालो आहे, त्यामुळे होटगी रोडच्या विमानतळाबद्दल असे प्रश्न मला ओळखीचे लोकही नेहमी विचारतात. म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आपण अंतर आणि वेळ असे दोन प्रश्न विचारले असले तरी आपली खरी अडचण तिसरीच आहे. पहिले विमान किती उशिरा येऊ शकते आणि तो उशीर पोटात घेण्याइतकी जागा आपल्या बेतात आहे का, हे आपल्याला ठरवायचे आहे. अंतरावरून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. वेळापत्रकातल्या वेळेवरूनही ते अर्धेच मिळते. बाकीचे उत्तर प्रवास कोणत्या महिन्यात आहे, विमान दिवसाच्या कोणत्या वेळी आहे, दोन्ही विमाने एकाच तिकिटावर आहेत की वेगवेगळ्या, आणि ती मुंबईत कोणत्या टर्मिनलला लागतात यांवर अवलंबून आहे. यातले बरेचसे आपण लिहिलेले नाही, त्यामुळे मी तिकीट एकच आणि तिकिटे वेगवेगळी अशा दोन्ही शक्यता धरून उत्तर देतो.

आधी अंतराचा गोंधळ दूर करू. आपल्याला मिळालेले तिन्ही आकडे बरोबर आहेत, पण ते तीन वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत. ४५५ किलोमीटर हे रेल्वेचे अंतर आहे. आपली गाडी कुर्डुवाडी, दौंड, पुणे, लोणावळा, कर्जत, कल्याण असा वळसा घेत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते, त्याचे हे माप. रस्त्याने हेच अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास भरते. ३६२ किलोमीटर हे दोन विमानतळांमधले पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर आहे. आणि १९५ मैल हेही तेच अंतर आहे, फक्त ते सागरी मैलांत दिले आहे. विमानवाहतुकीत अंतर सागरी मैलांत आणि वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत, मोजतात. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो. अनेक जण तो नेहमीचा १.६०९ किलोमीटरचा मैल समजून गुणाकार करतात आणि सोलापूर–मुंबई अंतर ३१४ किलोमीटर असल्याचे सांगतात. ही चूक मी नव्याने कामाला लागलेल्या पदवीधर मुलांकडूनही झालेली पाहिली आहे.

हा आकडा आपण स्वतः कागदावर पडताळून पाहू शकता. अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० सागरी मैल. सोलापूरचा विमानतळ १७.६३ अंश उत्तर आणि ७५.९४ अंश पूर्व येथे आहे, तर मुंबईचा १९.०९ अंश उत्तर आणि ७२.८७ अंश पूर्व येथे. उत्तर-दक्षिण फरक १.४६ अंशांचा, म्हणजे सुमारे ८८ सागरी मैल. पूर्व-पश्चिम फरक ३.०७ अंशांचा आहे. पण रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना एकमेकींच्या जवळ येत जातात, म्हणून या फरकाला मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने, इथे साधारण ०.९५ ने, गुणावे लागते. ते उत्तर सुमारे १७५ सागरी मैल येते. आता ८८ आणि १७५ या बाजू असलेल्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढला की १९६ सागरी मैलांच्या जवळपास, म्हणजे ३६२ किलोमीटर मिळतात. शाळेतल्या पायथागोरसच्या प्रमेयाने काढलेले हे उत्तर संगणकाच्या उत्तराशी एखाद्या किलोमीटरच्या फरकाने जुळते. अंतर हजारो किलोमीटरचे झाले की ही सपाट रीत पुरत नाही, तेव्हा गोलावरचे गणित करावे लागते. मुंबई–दुबई अंतर त्या गणिताने सुमारे १,९३० किलोमीटर, म्हणजे १,०४० सागरी मैल येते.

मात्र हे सर्वांत कमी अंतर आहे, विमान प्रत्यक्षात तेवढेच उडते असे नाही. विमान धावपट्टीच्या दिशेने उडते आणि मग वळते. ते ठरलेल्या हवाई मार्गांनी जाते, आणि उतरताना ज्या दिशेने धावपट्टी वापरात असेल त्या दिशेने फिरून येते. सोलापूरची धावपट्टी साधारण वायव्य-आग्नेय अशी आहे. वायव्येकडे उड्डाण झाले तर विमान जवळजवळ मुंबईच्याच दिशेला तोंड करून निघते आणि थोडेसे डावीकडे वळले की मार्गाला लागते. वाऱ्यामुळे आग्नेयेकडे उड्डाण करावे लागले तर त्याला पूर्ण मागे वळावे लागते आणि त्यात काही मिनिटे जातात. मुंबईत बहुतेक काळ पश्चिमेकडे तोंड करून, म्हणजे घाटकोपरच्या बाजूने येऊन, विमाने उतरतात. पूर्वेकडून येणाऱ्या आपल्या विमानाला हे सोयीचे आहे. परतीच्या वेळी मात्र ते जुहूवरून आधी समुद्रावर जाते आणि तिथून वळून पूर्वेला येते. म्हणूनच एकाच मार्गावर जाण्याचा आणि येण्याचा वेळ वारा नसतानाही सारखा नसतो.

आता आपल्या मुख्य शंकेकडे येतो. ३६२ किलोमीटरला ताशी ८०० ने भागले तर २७ मिनिटे येतात. भागाकार बरोबर आहे, पण विमान त्या वेगाने या प्रवासात फारच थोडा वेळ उडते. जेट विमानाचा पूर्ण वेग उंचावरच्या विरळ हवेत मिळतो आणि ती उंची गाठायला पंधरा ते वीस मिनिटे लागतात. दहा हजार फुटांच्या खाली वेगावर २५० नॉटची, म्हणजे ताशी सुमारे ४६३ किलोमीटरची, मर्यादा असते. उतरण्याची तयारीही खूप आधी सुरू करावी लागते. आमच्याकडे तीनचा नियम वापरतात : जितके हजार फूट खाली यायचे असेल त्याच्या तिप्पट सागरी मैल आधी उतरायला सुरुवात करावी. तीस हजार फुटांवरून उतरायचे तर नव्वद सागरी मैल आधी. सोलापूर–मुंबई हे सगळे अंतर १९५ सागरी मैल. त्यातले ऐंशीएक मैल चढण्यात आणि नव्वद मैल उतरण्यात गेले, तर पूर्ण वेगाने सरळ उडायला पंचवीस मैल, म्हणजे तीन-चार मिनिटे उरतात. या कारणाने इतक्या छोट्या मार्गावर आम्ही बहुधा तीस हजार फुटांपेक्षा कमी उंचीचा आराखडा करतो.

विमानाच्या प्रकाराने या मार्गावर फारसा फरक पडत नाही, हेही यातून लक्षात येईल. सोलापूर–मुंबई सेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये एम्ब्रेअर १७५ या ७६ आसनी जेटने सुरू झाली. त्याआधी जून २०२५ मध्ये सुरू झालेल्या सोलापूर–गोवा सेवेसाठी पंख्यांचे एटीआर ७२ विमान वापरले गेले, आणि तो मार्ग मोपा विमानतळापर्यंत सुमारे ३०५ किलोमीटरचा आहे. एटीआरचा वेग २७५ नॉटच्या, म्हणजे ताशी ५१० किलोमीटरच्या, आसपास असतो. कागदावर तो जेटच्या वेगाच्या दोनतृतीयांशाहूनही कमी दिसतो. तरीही मुंबईच्या मार्गावर दोघांच्या हवेतल्या वेळेत दहा-पंधरा मिनिटांचाच फरक राहील : जेटला पस्तीस-चाळीस मिनिटे, एटीआरला पन्नासच्या आसपास. मुंबई–दिल्लीसारख्या ११४० किलोमीटरच्या मार्गावर हाच फरक तासाभराचा होतो. मार्ग जितका छोटा, तितका वेगाला भाव कमी.

हवेतली चाळीस मिनिटे झाली, तरी वेळापत्रकात तासाभराचा वेळ का, याचे कारण असे की वेळापत्रकात हवेतला वेळ दिलेलाच नसतो. तिथे असतो तो ब्लॉक टाइम. विमान उभ्या जागेवरून हलले त्या क्षणापासून ते दुसऱ्या विमानतळावर आपल्या जागी येऊन थांबेपर्यंतचा हा सगळा वेळ. त्यात सोलापुरात धावपट्टीच्या टोकापर्यंत जाण्याची पाचेक मिनिटे येतात. (ज्या छोट्या विमानतळांवर धावपट्टीला समांतर टॅक्सीवे नसतो, तिथे विमानाला धावपट्टीवरूनच टोकापर्यंत जाऊन वळावे लागते आणि आणखी दोन-तीन मिनिटे जातात.) मुंबईत उतरल्यावर जागेवर पोहोचायला दहा मिनिटे, कधी त्याहून जास्त लागतात. या दोहोंच्या मध्ये उतरण्यासाठी रांगेत थांबण्याची मिनिटे असतात, आणि माझ्या अनुभवात सर्वांत बेभरवशाची तीच.

मुंबईच्या सहार–सांताक्रूझ विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे त्या स्वतंत्रपणे एकाच वेळी वापरता येत नाहीत आणि जवळजवळ सगळी वाहतूक एकाच धावपट्टीवरून चालते. डिसेंबर २०१८ मध्ये या विमानतळाने एका दिवसात हजारावर उड्डाणे आणि उतरणी हाताळली होती. म्हणजे दर दीड मिनिटाला एक विमान. अशा ठिकाणी एखाद्या वैमानिकाला शेवटच्या क्षणी पुन्हा वर जावे लागले, पावसाची जोरदार सर आली किंवा धावपट्टीची पाहणी करावी लागली, तर मागची सगळी रांग सरकते. सोलापूरहून चाळीस मिनिटांत आलेले विमान मग पंधरा-वीस मिनिटे आकाशातच घिरट्या घालते. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर दुरुस्तीसाठी धावपट्ट्या काही तास बंदही ठेवतात. ते दिवस आधी जाहीर होतात आणि वेळापत्रक त्यानुसार बदलतात.

विमान कंपन्या ब्लॉक टाइम ठरवताना त्याच मार्गावरच्या, त्याच हंगामातल्या आणि दिवसाच्या त्याच वेळेतल्या जुन्या उड्डाणांची नोंद पाहतात आणि त्यातली बरीच उड्डाणे ज्या वेळात बसतील असा आकडा निवडतात. वेळापत्रके वर्षातून दोनदा बदलतात : मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. एकाच मार्गाचा वेळ उन्हाळी व हिवाळी वेळापत्रकांत पाच-दहा मिनिटांनी वेगळा दिसतो, त्याचे कारण हेच. विमान पंधरा मिनिटांपर्यंत उशिरा आले तरी ते वेळेवर आले असे मोजण्याची पद्धत आहे. प्रवाशाने हे ध्यानात ठेवावे. “आमची इतकी विमाने वेळेवर” असे वाचले की त्यात ही पंधरा मिनिटे धरलेली असतात.

दुबईच्या तिकिटावरचा पावणेदोन तास हा घड्याळाचा परिणाम आहे. प्रत्येक विमानतळाची वेळ तिथल्या घड्याळाप्रमाणे छापतात आणि दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. मुंबईत सकाळचे दहा वाजतात तेव्हा दुबईत साडेआठ असतात. तिथले पावणेबारा म्हणजे आपल्याकडचे सव्वा, म्हणून प्रत्यक्ष प्रवास सव्वातीन तासांचा आहे. परतीच्या तिकिटावर याच्या उलट दिसेल : दुबईहून दुपारी एकला निघालेले विमान मुंबईत साडेपाचला पोहोचेल असे लिहिले असेल तर तो प्रवास साडेचार तासांचा नसून तीन तासांचा आहे. आईवडिलांना औषधे ठरावीक तासांनी घ्यायची असतील तर हा हिशोब तिकिटाच्या मागे लिहूनच द्या. मधुमेहाच्या रुग्णांची या दीड तासाने गैरसोय झालेली मी पाहिली आहे.

जाताना सव्वातीन आणि येताना तीन तास, हा उरलेला फरक वाऱ्याचा आहे. विमान हवेत ठरावीक वेगाने जाते, पण ती हवा स्वतःच सरकत असते. हिवाळ्यात उत्तर भारतावरून आणि अरबस्तानावरून उंचावर पश्चिमेचे जोरदार वारे वाहतात, आणि त्यांचा दक्षिणेकडचा भाग मुंबई–दुबई मार्गालाही लागतो. समजा विमानाचा हवेतला वेग ४५० नॉट आहे आणि वारा ६० नॉटचा. जाताना जमिनीच्या हिशोबाने वेग ३९० नॉट राहतो आणि १,०४० मैलांना दोन तास चाळीस मिनिटे लागतात. येताना वेग ५१० होतो आणि तेच अंतर दोन तास दोन मिनिटांत कापले जाते. अडतीस मिनिटांचा फरक, तोही एकाच विमानाने एकाच मार्गावर. पावसाळ्यात दक्षिण भारतावर उंचावरचे वारे पूर्वेकडून वाहू लागतात, त्यामुळे हा फरक पुष्कळ कमी होतो. सोलापूर–मुंबई मार्गावर वारा इतका खेळ करू शकत नाही, कारण विमान त्या उंचीवर टिकतच नाही.

एवढ्यावरून हाती काय आले ते एकत्र मांडतो. सोलापूर–मुंबई अंतर ३६२ किलोमीटर, हवेतला वेळ सुमारे चाळीस मिनिटे, जागेवरून जागेवर तासाभर. मुंबई–दुबई १,९३० किलोमीटर, जागेवरून जागेवर जाताना सव्वातीन तासांच्या आसपास. बेत आखताना ब्लॉक टाइमच धरावा. अंतराला वेगाने भागून काढलेला आकडा बाजूला ठेवावा. पण हे सगळे विमान वेळेवर निघाले तर.

विमान वेळेवर निघेल का, हे ठरवणारी सर्वांत मोठी गोष्ट सोलापुरात नसतेच. आपल्याला घेऊन जाणारे विमान सोलापुरात रात्रभर उभे नसेल तर ते दुसऱ्या शहरातून येणार, आणि त्याआधी ते आणखी कुठून तरी आलेले असणार. प्रादेशिक मार्गांवरचे एकच विमान दिवसभरात चार, पाच, कधी सहा उड्डाणे करते. सकाळच्या उड्डाणाला अर्धा तास उशीर झाला तर तो दुपारपर्यंत साचत जातो, आणि छोट्या विमानतळावर बदली विमान ठेवलेले नसते. त्यामुळे मी घरच्यांना नेहमी सांगतो की निघण्याच्या आधीचे आठ-दहा दिवस हे विमान रोज किती वाजता सोलापुरात उतरले आणि किती वाजता निघाले, एवढे विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपवर पाहून कागदावर लिहा. सरासरी काढू नका. त्यातले सर्वांत वाईट दोन दिवस निवडा आणि त्या दिवसांत आपले पुढचे विमान मिळाले असते का, ते पाहा.

सरासरी काढू नका, हे मी पुस्तकातून शिकलेलो नाही. सोलापूरला नियमित विमानसेवा नव्हती त्या काळात माझ्या थोरल्या बहिणीला मुलाकडे मस्कतला जायचे होते. ती सोलापूरहून मोटारीने हैदराबादला, तिथून विमानाने मुंबईला आणि पुढे मस्कतला, असा बेत मीच आखून दिला होता. दोन तिकिटे वेगवेगळी होती आणि मध्ये मी दोन तास चाळीस मिनिटे ठेवली होती, कारण त्या मार्गावरचा सरासरी उशीर मला पाठ होता. जानेवारीतली सकाळ होती. धुक्यामुळे पहिले विमान पावणेदोन तास उशिरा निघाले. ती मुंबईत सामान घेऊन धावत काउंटरपर्यंत पोहोचली तेव्हा काउंटर बंद झालेला होता. दुसऱ्या कंपनीचे तिकीट असल्याने कोणीही जबाबदारी घेतली नाही, आणि त्यात त्यांची चूकही नव्हती. मुंबईत ओळखीचे कोणी नसताना तिने एकटीने ती रात्र विमानतळावर काढली. माझे गणित बरोबर होते, पण ते शंभर विमानांचे गणित होते. तिला त्यातल्या एकाच विमानाने जायचे होते.

आता आपले अडीच तास तपासू. दोन्ही विमाने वेगवेगळ्या तिकिटांवर आहेत असे आधी धरतो. सोलापूरचे विमान अगदी वेळेवर जागेवर लागले तरी उतरणे, बस, सामान पट्ट्यावर येणे आणि बाहेर पडणे यांत सत्तरीच्या प्रवाशांना पाऊण तास लागतो. दुबईचे विमान टर्मिनल २ वरून सुटते. सोलापूरचे विमान टर्मिनल १ ला लागत असेल तर बाहेरच्या रस्त्याने तिकडे जायला आणि दारावरची तपासणी होऊन आत शिरायला आणखी अर्धा तास, गर्दीच्या वेळी त्याहून जास्त. म्हणजे सव्वा तास गेला. आंतरराष्ट्रीय उड्डाणाचे काउंटर बहुतेक कंपन्या विमान सुटण्याच्या एक तास आधी बंद करतात, म्हणजे अडीच तासांपैकी दीड तासावर दार बंद होते. हाती उरतात पंधरा मिनिटे. वर सांगितलेली, उशीर म्हणून मोजलीही न जाणारी पंधरा मिनिटे ती हीच. त्यामुळे वेगवेगळ्या तिकिटांवर अडीच तास पुरणार नाहीत, असे मी स्पष्टपणे सांगतो. अशा बेताला मी सहा तास ठेवीन. पावसाळ्यात किंवा सोलापूरचे विमान संध्याकाळचे असेल तर आदल्या दिवशीच मुंबईला जाऊन मुक्काम करायला सांगेन.

दोन्ही विमाने एकाच तिकिटावर मिळाली आणि सामान थेट दुबईपर्यंत जाणार असेल, तर गोष्ट वेगळी आहे. पहिले विमान उशिरा आल्यामुळे दुसरे चुकले तर पुढच्या विमानात जागा करून देणे ही कंपनीची जबाबदारी ठरते. अशा तिकिटावर साडेतीन तास पुरेसे मानायला हरकत नाही. सामान सोलापुरात देतानाच त्याच्या टॅगवर शेवटचे ठिकाण दुबई लिहिले आहे का, ते वडिलांना स्वतः वाचून पाहायला सांगा. वेगवेगळ्या तिकिटांत आणखी एक अडचण वजनाची असते. देशांतर्गत विमानात साधारणपणे १५ किलो सामान नेता येते, तर दुबईच्या तिकिटावर ते बरेच जास्त असू शकते. आई नातवंडांसाठी चादरी आणि शेंगाचटणी बांधून देणार हे गृहीत धरून जास्तीच्या सामानाचे पैसे आधीच भरून टाका. ऐनवेळी काउंटरवर ते महाग पडतात आणि वेळही जातो. मेमध्ये जाणार असाल तर हे अधिकच पाळा. दुपारच्या बेचाळीस अंशांच्या उन्हात हवा विरळ होते, सोलापूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४८० मीटर उंचीवर आहे, आणि अशा हवेत विमानाला कमी वजन घेऊन उडावे लागू शकते.

तिकीट काढण्यापूर्वी आणखी एक गोष्ट न चुकता पाहा. नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ पासून प्रवासी वाहतूक सुरू झाली आहे. त्यामुळे नुसते “मुंबई” पाहून चालणार नाही; दोन्ही तिकिटांवर बीओएम (सहार–सांताक्रूझ विमानतळाचा कोड) लिहिले आहे की एकावर एनएमआय (नवी मुंबईचा कोड), ते तपासा. या दोन विमानतळांमध्ये शहराच्या वाहतुकीतून जायला तास-दीड तास सहज लागतो, आणि मग वरचे सहा तासही मला अपुरे वाटतील.

सोलापूरच्या विमानाची वेळ दुबईच्या विमानाशी जुळतच नसेल, तर ओढूनताणून जुळवू नका. वंदे भारत सकाळी सहाच्या सुमारास सोलापूरहून निघून दुपारी साडेबाराच्या सुमारास मुंबईला पोहोचते. दुबईचे विमान रात्रीचे असेल तर आईवडील दादरला उतरून, जेवून, दोन-तीन तास विश्रांती घेऊन संध्याकाळी सहारला पोहोचू शकतात. विमानाने तेच केले तर घरून होटगी रोडला दीड-दोन तास आधी जाणे, तासाभराचे उड्डाण आणि सामान घेऊन बाहेर पडणे मिळून साडेतीन-चार तास होतात. प्रत्यक्षात वाचतात ते अडीच-तीन तास. गुडघेदुखी असेल तर तेवढेही महत्त्वाचे असतात, हे मला मान्य आहे. अशा वेळी दोन्ही तिकिटांवर व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच नोंदवा आणि प्रवासाच्या दोन दिवस आधी फोन करून ती नोंद झाली आहे ना, हे विचारा.

परतीच्या प्रवासात इतकी घाई नसते, कारण चुकले तर घरच जवळ असते. तरीही दुबईहून उतरल्यावर इमिग्रेशन, सामान आणि कस्टम यांत दीड ते दोन तास जातात, म्हणून सोलापूरचे विमान पकडायचे असेल तर मध्ये किमान पाच तास ठेवा. दुबईचे विमान संध्याकाळी मुंबईत उतरणारे मिळाले तर मी विमानाचा नाद सोडून रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसची तिकिटे काढीन. ज्येष्ठ प्रवाशांसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो, आणि सकाळी आईवडील सोलापूर स्थानकावर उतरतील तेव्हा आपल्याला घ्यायला जाता येईल.